बाटलीच्या गळ्यातली किल्ली

मंगळवार, दुपार

प्रिय स्प्रिंग,

माझं अक्षर ओळखलंस तर पाकीट न फोडताच फेकून देशील, म्हणून वरचा पत्ता तुझ्या वहिनीकडून लिहून घेतला आहे. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. अकरा वर्षांनी लिहितोय, तेव्हा तब्येत कशी, मेहुण्यांची पाठ कशी, वगैरे चौकशा करत बसत नाही. मुद्द्याचं आधी सांगतो. आमच्या कंपनीचं एक पत्र तुला दोन-चार दिवसांत येईल, कदाचित आलंही असेल. तुझ्या ‘दुसरी किल्ली’ या बर्बन व्हिस्कीचा निकाल तांत्रिक कारणास्तव रोखून ठेवला आहे, एवढंच त्यात असेल. कारण काय ते आमच्याकडे कळवत नाहीत. मग तू जाऊन पिंपांपाशी उभी राहशील, एकेक बूच काढून हुंगत बसशील, आणि मेहुणे बिचारे तुझ्या मागेमागे कंदील धरून फिरतील. तर कृपा करून पिंपांच्या मागे लागू नकोस. तुझ्या दारूत काही खोट नाही. ते तांत्रिक कारण म्हणजे मी आहे.

माझं काम तुला ठाऊक आहे, निदान वहिनी सांगते तेवढं तरी. कंपनीची दोनशेच्या वर दुकानं आहेत आणि तिथल्या फळीवर कोणती बाटली चढायची ते आम्ही चार जण ठरवतो. शंभरपैकी गुण द्यायचे. चौघांची सरासरी ऐंशी आली की बाटली फळीवर, त्याखाली आली की पुढच्या वर्षी या. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर पीत बसतो. एकतीस वर्षांत माझ्या पोटात जेवढी दारू गेली असेल तेवढी एखादा बरा पिणारा एका वर्षात संपवत असेल. बाकीची सगळी तोंडात घोळवून पिकदाणीत गेली. तीही सकाळी साडेदहाला, कारण जेवणानंतर जीभ कामाची राहत नाही. साबणाने हात धुवायचे नाहीत, दाढीनंतर काही लावायचं नाही, कांदा वर्ज्य. तुझी वहिनी म्हणते, तुमच्या अंगाला कसलाच वास नाही, घरात आहात की नाही हे दिवा लावल्याशिवाय कळत नाही.

यंदाची फेरी परवडणाऱ्या बर्बनची होती. म्हणजे साध्या पगाराच्या माणसाने आठवडा संपल्यावर दुकानात शिरून फार विचार न करता उचलावी अशी बाटली. मका निम्म्याहून जास्त, पिंप कोरं आणि आतून जाळलेलं, हे तुला मी काय शिकवणार. पण या किमतीत एक रोग असतो. दारूपेक्षा तिच्या कपड्यांवर जास्त जीव. यंदा एक बाटली जुन्या रेडिओच्या खोक्यात आली होती, बटणं खरी, फिरवली की टकटक वाजायची. एक पत्त्यांच्या कॅटसारखी, एक चक्क फायर ब्रिगेडच्या बंबासारखी. आणि प्रत्येकीवर ‘स्मॉल बॅच’ लिहिलेलं. स्मॉल म्हणजे किती ते कोणीच सांगत नाही. चार पिंपंही स्मॉल आणि चारशेही स्मॉल. मला या सजावटीचा मनापासून राग आहे, कारण खोक्यावर जे खर्च होतं ते पिंपाच्या तोंडचं काढलेलं असतं, असं माझं पक्कं मत आहे.

आमच्याकडे मंगळवारी रूप बघतात आणि गुरुवारी चव. गेल्या मंगळवारी सहाही बाटल्या तळमजल्यावरच्या खोलीत मांडल्या होत्या. ही खोली म्हणजे नकली दुकान आहे. तशाच फळ्या, तसेच ट्यूबलाइट, कोपऱ्यात बंद पडलेलं गल्ल्याचं मशीन. मी पाठीमागे हात बांधून एकेक बघत चाललो होतो. पाचवं खोकं चौकोनी, पोलादी करड्या रंगाचं, मधोमध किल्लीच्या भोकाच्या आकाराची खिडकी. मी भोकातून आत पाहिलं. आत बाटलीवर एका दुकानाचं चित्र होतं. छोटं फळकुटाचं काउंटर, वर टांगलेल्या किल्ल्यांच्या माळा, उजव्या हाताला घासायचं चाक. चाकाच्या खाली एक उलटा डबा, बसायला. तो डबा पाहिला आणि मी खोकं जागच्या जागी परत ठेवलं. मग पुन्हा उचललं. आपल्या बाबांच्या दुकानात तिसरं स्टूल कधी आलंच नाही, आणि तू त्या डब्यावर बसून पाय हलवत असायचीस म्हणून तर तुझं नाव स्प्रिंग पडलं. मी दाराजवळ ताठ उभा. म्हणून मी खिट्टी. बाटलीचं नाव मग वाचलं. ‘दुसरी किल्ली.’ बाबांच्या पाटीवरचे शब्द, ‘एका तासात दुसरी किल्ली’, त्यातला तास तेवढा तू वगळलास. चार वर्षं मुरवलेल्या दारूवर तास लिहिणं बरं दिसलं नसतं, हे खरं.

आणि बाटलीच्या गळ्यात तारेने अडकवलेली पितळी किल्ली. कोरी, दात न पाडलेली. मागच्या लेबलवर बारीक अक्षरांत, ‘ही किल्ली कोणतंही कुलूप उघडत नाही.’ किल्लीच्या डोक्यावरचा छाप मी लगेच ओळखला. दुकान बंद केलं तेव्हा कोऱ्या किल्ल्यांचं ते लाकडी खोकं तू उचलून नेलं होतंस. मला वाटलं होतं मोडीत घालशील. खरं सांगतो, पहिल्यांदा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, हिने बापाला बाटलीच्या गळ्यात टांगलं. शेजारी आमचा एक जण, आयुष्यभर चहा चाखून आता दारूकडे वळलेला, तो म्हणाला की यंदाची सगळ्यात देखणी हीच. मी म्हणालो, नाटकी आहे. रूपाच्या तक्त्यात मी तुला दहापैकी सहा दिले आणि कारणंही लिहिली. ती तुला उपयोगी आहेत म्हणून सांगतो. एक तर किल्ली लोंबते, शेजारच्या बाटलीच्या काचेवर चरे पाडते; तार आखूड कर आणि किल्ली बुचाच्या पट्टीखाली बांध. दुसरं, ती भोकाची खिडकी खोक्याच्या मधोमध आहे म्हणून चार खोकी एकावर एक ठेवली की खालचं चेपतं. खिडकी वर घे. तिसरं कारण मी लिहिलं नाही, पण मनात होतं. मला न विचारता केलंस.

आमच्याकडे एक नियम आहे. नमुन्यातलं काहीही ओळखीचं निघालं, मग ते माणूस असो, कारखाना असो, नाहीतर नुसता संशय असो, की हात वर करायचा आणि फेरीतून उठून जायचं. कोणी कारण विचारत नाही. चौदा वर्षांपूर्वी हा नियम मीच लिहिला. मंगळवारी हात वर करायला मला एक सेकंद पुरला असता. मी केला नाही. ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं की तू माझी कोण. नाव मेहुण्यांचं, गाव तिसरंच. मी स्वतःला सांगितलं की मी एकतीस वर्षांचा मुरलेला माणूस आहे, माझ्या जिभेला नातंबितं काही कळत नाही. आणि आत कुठेतरी मला तुझी दारू चाखायचीच होती. अकरा वर्षांत काय शिकलीस ते बघायचं होतं.

अकरा वर्षांपूर्वीचं जेवण तू विसरली नसशील. मी विसरलो होतो. म्हणजे मला ते एक गमतीचं जेवण म्हणून आठवत होतं. बाबांनी दुकानाचं शटर शेवटचं ओढलं, दुपारी सगळे घरी जमले, तू पिशवीतून एक बिनलेबलाची बाटली काढलीस. पहिला प्रयोग, मेहुण्यांच्या मागच्या शेडमधला. सगळ्यांना घोट-घोट दिलीस आणि मग माझ्याकडे पाहिलंस. मी काय करावं? उठून उभा राहिलो, पेला उजेडात धरला, हुंगला, तोंडात घोळवला, खिडकीतून बाहेर थुंकलो आणि भर पंगतीत जाहीर केलं की हे फर्निचर धुतलेलं पाणी आहे, शंभरपैकी चौपन्न. काय हशा पिकला! बाबाही हसले. तूसुद्धा हसलीस. पिंपाचं लाकूड जास्त झालं होतं हे खरंच होतं, तुला थांबायचं कळलं नव्हतं, आणि ते तुला एकटीला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. मग तू किल्ल्यांचं खोकं घेऊन गेलीस. त्यानंतर आपण बोललो ते बाबांच्या आजारपणात, आणि तेही कोणती गोळी किती वाजता एवढंच.

गुरुवारी सकाळी पांढऱ्या टेबलावर सहा पेले. तळाला आकडे चिकटवलेले. ओतायचं काम पडद्यामागे नोंदणीच्या बाई करतात आणि कोणत्या आकड्यात काय ते फक्त त्यांच्या पाकिटात. बोलायचं नाही, एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं नाही, पेन्सिलने लिहायचं. पहिला पेला यथातथा. दुसऱ्यावर मी थांबलो. नाक लावलं तर भाजलेला मका, त्यामागून मध, मग संत्र्याची साल. पहिला घोट जिभेला ओळख करून देण्यापुरता असतो, त्यावर मी मत बनवत नाही. दुसऱ्या घोटाआधी ड्रॉपरने तीन थेंब पाणी घातलं. स्वस्त दारू पाण्याने कोसळते, ही उलट मोकळी झाली. लाकूड होतं, पण पुढे पुढे करत नव्हतं. मी काय लिहिलं ते शब्दाला शब्द देतो, कारण ते माझ्याच हातचं आहे. ‘साधी, सरळ, पोटातून गोड. करणाऱ्याला कधी थांबायचं ते कळतं. या किमतीत याहून चांगलं मी या वर्षी चाखलेलं नाही. अठ्ठ्याऐंशी.’ अठ्ठ्याऐंशी मी चार वर्षांत कोणाला दिले नव्हते. आणि तो घोट मी थुंकलो नाही.

चौथ्या पेल्याशी आलो आणि मनात म्हटलं, ही बघ, आलीस. सुरुवात बरी होती, करपवलेली साखर, थोडा व्हॅनिला. पण शेवटी जिभेच्या मागे लाकडाचा कडवटपणा, पेन्सिल चावल्यासारखा. तोच. अकरा वर्षांनी तीच खोड, फक्त थोडी आवरलेली. मला हसूच आलं. काय खूश झालो होतो मी ओळखल्याबद्दल! मनात नीट हिशोब केला की पेला एक्याऐंशीचा आहे. खोड वजा धरूनही एक्याऐंशी. मग पेन्सिल टेकवली आणि अठ्ठ्याहत्तर लिहिले. बहीण म्हणून झुकतं माप दिलं असं व्हायला नको, म्हणून तीन कमी. अगदी शांतपणे लिहिले. उलट आपण फार सचोटीने वागलो असं वाटून मी बिनमिठाचं बिस्किट खाल्लं आणि पाचव्या पेल्याकडे वळलो.

दुपारी पाकीट फुटलं. नोंदणीच्या बाई सपाट आवाजात वाचत गेल्या. एक म्हणजे रेडिओ. दोन म्हणजे ‘दुसरी किल्ली’. मला वाटलं त्या चुकल्या, मी परत वाचायला सांगितलं. त्यांनी परत वाचलं. चार म्हणजे बंबवाली बाटली, एका निवृत्त बंबचालकाची. पस्तीस वर्षं लोकांच्या घरांच्या आगी विझवल्या आणि आता म्हातारपणी पिंपं जाळतो, असं त्याने अर्जात स्वतःच लिहिलं होतं. बाकी तिघांनी त्याला ऐंशी, ऐंशी आणि एकोणऐंशी दिले होते. माझे अठ्ठ्याहत्तर मिळवले की सरासरी एकोणऐंशी पूर्णांक पाव. माझे खरे एक्याऐंशी मिळवले तर बरोब्बर ऐंशी. म्हातारा पाऊण गुणाने पडला, आणि तो पाऊण गुण मी तुझ्या नावाने कापला होता. तू मात्र पहिली आलीस. त्या चहा चाखणाऱ्याने माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाला की फळीवरच्या कार्डावर तुमचंच वाक्य छापू, ‘करणाऱ्याला कधी थांबायचं ते कळतं’. तुझा अर्जही तिथेच उघडा पडला होता. एकूण बाटल्या नऊशे, आणि ‘पुढचं उत्पादन’ या रकान्यात तुझं ते डावीकडे झुकलेलं अक्षर, ‘या निकालावर अवलंबून’.

शुक्रवार, शनिवार मी गप्प होतो. गप्प राहणं सोपं होतं, ते मी तुला आता सांगतो. कोणालाही कधीही कळलं नसतं. बंबवाल्याला वाटलं असतं थोडक्यात गेलं, पुढच्या वर्षी बघू. तू फळीवर चढली असतीस, तेही हक्काने, कारण माझे गुण बाजूला काढले तरी बाकी तिघांनी तुला पंच्याऐंशीच्या वरच दिले होते. आणि मी बोललो तर नियम सरळ आहे. नमुना ओळखीचा असलेला माणूस फेरीत बसला असेल तर सगळी फेरी रद्द, सहाही बाटल्या, सगळ्यांचे गुण. सहा आठवड्यांनी नव्याने नमुने, माझ्या जागी दुसरा माणूस. तोवर मोसमाची यादी बंद व्हायला आलेली असणार. म्हणजे माझ्या तोंडाने मी तुझी बाटली फळीवरून खाली उतरवणार, पुन्हा एकदा. रविवारी सकाळी हे मी तुझ्या वहिनीला सांगितलं. ती खिडकीत बसून नखं कापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तिथे तुमचं नातं माहीत असलेलं होतं कोण? कोणीच नाही. मग ते तीन गुण तुम्ही कोणाला दाखवायला कापलेत? मी म्हटलं, मला स्वतःला. ती म्हणाली, तिचं समजून कापलेत आणि परक्याचं समजून अठ्ठ्याऐंशी दिलेत, म्हणजे ती तुमची बहीण नसती तर तुमचं फार छान जमलं असतं हो. आणि उरलेली नखं कापायला लागली.

मी चिडलो, अर्थात. चपला घालून बाहेर पडलो. आपल्या जुन्या घराकडे जाणारा तो चढ चढून वर बाकावर बसलो आणि रागारागात आठवायला लागलो की मी तुला कधी काय चांगलं म्हटलं होतं. तू बारा वर्षांची असताना पहिली किल्ली घासलीस. पहिल्याच खेपेला कुलूप उघडलं, बाबांनी गिऱ्हाईक सोडून टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो होतो, कडेला खरखर राहिली आहे. तू शाळेच्या शर्यतीत दुसरी आलीस तेव्हा मी पहिली कोण ते विचारलं. मेहुण्यांना घरी आणलंस, मी म्हणालो ठीक आहे, दात जरा पुढे आहेत. बाकावर तासभर बसलो, एकसुद्धा सापडलं नाही. परक्यांना मी भरभरून लिहितो गं, कार्डावर छापतात ते. तुझ्यापाशी आलो की माझा हात आपोआप आखडतो. मला वाटायचं हा कडकपणा म्हणजे प्रेम आहे, मोठ्या भावाचं. असेलही, पण तुला ते कळायचं कसं?

सोमवारी सकाळी साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून सगळं सांगितलं. ते पेपरवेट फिरवत होते. म्हणाले, नियम तुमचाच आहे. मी म्हटलं, हो. फेरी रद्द झाली, बंबवाल्याला आणि तुला आणि बाकी चौघांनाही पत्रं निघाली. माझी खुर्ची काढून घेतली आहे, कायमची की काही महिन्यांची ते वरचे लोक ठरवतील, तोवर मी घरी. त्याचं मला जेवढं वाटायला हवं तेवढं वाटत नाही. काल एकतीस वर्षांनी मी साबणाने हात धुऊन कांद्याची भजी खाल्ली. जाताना साहेबांना विचारलं, रद्द झालेले गुण मी तिला कळवले तर चालेल का? ते म्हणाले, रद्द झालेले गुण कोणाचेच नसतात, खुशाल कळवा. म्हणून कळवतोय. नव्या नमुन्याच्या तीन बाटल्या लगेच पाठव, तार आखूड करून. पिंपांना हात लावू नकोस, भीतीपोटी काही बदलू नकोस, जशी आहे तशीच भर. कोणीही चाखली तरी ती पास होणारच, फक्त यादी बंद व्हायच्या आत कागद हलायला हवा, आणि त्यासाठी साहेबांच्या मागे मी लागलो आहे. मोसम हुकला तर तो माझ्यामुळे हुकलेला असेल. त्याबद्दल, चौपन्नाबद्दल, आणि त्या दातांबद्दल, मला माफ कर.

आता पाकीट उलटं कर, तळाशी चिकटपट्टीने काहीतरी लावलं आहे. खरं म्हणजे पत्र त्याच्यासाठी लिहिलं, बाकीचं सगळं त्याच्याबरोबर आलं. फेरी रद्द झाल्यावर तुझ्या नमुन्याच्या तिन्ही बाटल्या मोरीत ओतल्या गेल्या. त्यांच्या गळ्यातल्या किल्ल्या मी मागून घेतल्या. नोंदणीच्या बाईंनी त्यासाठीही सही घेतली. बाबांची कानस माझ्याकडे आहे, आणि आमच्या पुढच्या दाराला अजून बाबांनी बसवलेलं तेच कुलूप आहे, त्याला हीच किल्ली लागते. काल दुपारभर गॅलरीत बसून घासत होतो. पहिल्या दोन बिघडवल्या, मला थांबायचं कळलं नाही. तिसरी फिरली. कडेला खरखर राहिली आहे, तू हसशील. तुझ्या लेबलवरचं ते वाक्य आता या एका किल्लीपुरतं खोटं आहे. दुपारी वहिनी कामावर असते, मी एकटाच असतो. कधीही ये, पण बेल वाजवू नकोस. बेल वाजली की मी आतून कोण आहे म्हणून विचारीन, आणि तू आहेस हे आधी कळलं की मी कसा वागतो ते वर लिहिलंच आहे. कुलूप उघड आणि सरळ आत ये.

तुझाच,
दादा